काउंटर-स्ट्राइक २ मध्ये नेमलेल्या कळा टिकत नसतील तर काय तपासावे

काउंटर-स्ट्राइक २ हा नेमबाजीचा गेम खेळणाऱ्यांची एक तक्रार वारंवार कानावर येते. स्मोक ग्रेनेडसाठी ‘सी’, फ्लॅशसाठी माउसच्या बाजूचे बटण, उडीसाठी माउसचे चाक अशा आपल्या सोयीच्या कळा नेमल्या, त्या संध्याकाळी त्या व्यवस्थित चालल्या, आणि दुसऱ्या दिवशी गेम उघडला तेव्हा त्यांतल्या काही किंवा सगळ्याच मूळ जागी गेलेल्या दिसल्या. पुन्हा नेमल्या तरी काही दिवसांनी तेच घडते. अशा वेळी गेम काढून पुन्हा इन्स्टॉल करण्याचा सल्ला हमखास मिळतो आणि तो जवळजवळ नेहमीच वाया जातो, कारण कळांची नोंद गेमच्या फोल्डरात नसून स्टीमच्या, म्हणजे गेम ज्यातून चालतो त्या सॉफ्टवेअरच्या, वेगळ्या फोल्डरात असते आणि गेम काढल्यावरही ती तिथेच राहते. शिवाय तिची एक प्रत स्टीम क्लाउडवरही, म्हणजे स्टीमच्या इंटरनेटवरील साठवणीतही, असू शकते. त्यामुळे एवढा मोठा डाउनलोड पुन्हा करून झाला तरी जी बिघडलेली नोंद होती तीच परत समोर येते.

या तक्रारीच्या मुळाशी पाहिले तर गेमने कळा सेव्हच केल्या नाहीत असे प्रकार थोडे आढळतात. कळा सेव्ह झालेल्या असतात, पण नंतर दुसऱ्या कोणत्यातरी फाइलने किंवा प्रतीने त्यांच्यावर आपले लिहिलेले असते. म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्याआधी कळा नेमक्या केव्हा पुसल्या जातात हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

गेम सुरू होताना काय घडते

‘प्ले’ दाबल्यावर स्टीम आधी क्लाउडवरची प्रत आणि आपल्या संगणकावरची प्रत ताडून पाहते आणि क्लाउडवरची नवी वाटली तर ती खाली उतरवते. त्यानंतर गेम सुरू होतो आणि संगणकावरच्या फाइलमधून कळा वाचतो. मग ‘ऑटोएक्झेक’ नावाची, खेळाडूने आज्ञा लिहून ठेवलेली फाइल असेल आणि ती चालवण्याची व्यवस्था केलेली असेल तर तिच्यातल्या ओळी एकेक करून अमलात येतात, आणि त्यांत कळांसंबंधी जे काही असेल ते आधी वाचलेल्या कळांवर बसते. आपण खेळताना मेनूतून किंवा कन्सोलमधून (आज्ञा टाइप करण्याच्या गेममधल्या चौकटीतून) जे बदल करतो ते चालू गेमच्या स्मृतीत असतात. गेम रीतसर बंद केला की ही स्मृतीतली अवस्था फाइलमध्ये लिहिली जाते आणि शेवटी स्टीम ती फाइल क्लाउडवर चढवते.

एवढ्या साखळीतला एक दुवा जरी निसटला तरी खेळणाऱ्याला दिसणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे ‘माझ्या कळा गेल्या’. उपाय मात्र प्रत्येक दुव्यासाठी निराळा आहे, आणि म्हणूनच एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी फाइल शोधावी

स्टीमच्या मुख्य फोल्डरात ‘यूझरडेटा’ नावाचा फोल्डर असतो. त्याच्या आत नुसत्या आकड्यांच्या नावाचे एक किंवा अधिक फोल्डर दिसतात. त्या संगणकावर जितक्या स्टीम खात्यांनी लॉगिन केले असेल तितके. आपला फोल्डर कोणता हे ओळखण्यासाठी स्टीममधील ‘अ‍ॅड अ फ्रेंड’ या पानावर आपला फ्रेंड कोड पाहावा. तो आकडा आणि फोल्डरचे नाव एकच असते. ज्या घरात दोन भावंडे एकाच संगणकावर आपापल्या खात्यांनी खेळतात तिथे दुसऱ्याच्या फोल्डरातली फाइल तासभर दुरुस्त करत बसण्याचे प्रकार नेहमी होतात, म्हणून ही खातरजमा टाळू नये.

आपल्या आकड्याच्या फोल्डरात ‘७३०’ हा फोल्डर उघडावा. हा काउंटर-स्ट्राइकचा स्टीमवरचा क्रमांक आहे आणि तो ग्लोबल ऑफेन्सिव्ह या आधीच्या गेमच्या काळापासून बदललेला नाही. त्यात ‘लोकल’ आणि त्याच्या आत ‘सीएफजी’ असे फोल्डर आहेत. इथे ‘सीएस२ यूझर कीज’ अशी नावाची सुरुवात असलेली, ‘व्हीसीएफजी’ प्रकाराची फाइल सापडेल. आपल्या कळा हिच्यात असतात. शेजारी ‘कॉन्फिग’ नावाची जुनी फाइल दिसण्याची शक्यता आहे. ती ग्लोबल ऑफेन्सिव्हची मागे राहिलेली फाइल असते. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ ने त्या गेमची जागा घेतली, पण महाजालावरच्या जुन्या मार्गदर्शिका अजून त्याच फाइलकडे बोट दाखवतात. तिच्यात कितीही बदल केले तरी आजच्या गेममधल्या कळा हलत नाहीत.

यूझर कीजची फाइल नोटपॅडमध्ये उघडता येते. प्रत्येक ओळीत अवतरणचिन्हांत आधी कळ आणि मग तिची आज्ञा असते. ‘सी’ ही कळ स्मोकसाठी नेमली असेल तर त्या ओळीत ‘सी’ आणि त्यापुढे ‘स्लॉट ८’ दिसायला हवे, कारण मूळ मांडणीत हँड ग्रेनेड ६ वर, फ्लॅश ७ वर, स्मोक ८ वर, डिकॉय ९ वर आणि मोलोटोव्ह ० वर असतो. इथे वाचण्यापलीकडे काही करू नये. गेम चालू असताना ही फाइल हाताने बदलली तर गेम बंद होताना आपल्या स्मृतीतल्या कळा तिच्यावर लिहितो आणि आपले श्रम फुकट जातात.

आता निदानाकडे वळू. गेममध्ये एकच कळ बदलावी, मुख्य मेनूवर येऊन गेम तिथल्या बंद करण्याच्या बटणाने बंद करावा आणि लगेच या फाइलची ‘डेट मॉडिफाइड’ वेळ पाहावी. वेळ आत्ताची असेल आणि आत नवी कळ असेल, तर गेमने आपले काम केले आहे आणि दोष पुढच्या सुरुवातीच्या वेळी घडतो. वेळ जुनीच असेल तर दोष लिहिण्यात आहे. पुढचा सगळा शोध या एका निरीक्षणावर अवलंबून आहे.

फाइल लिहिलीच जात नसेल तर

याची कारणे मोजकी आहेत. पहिले म्हणजे गेम रीतसर बंद न होणे. गेम क्रॅश झाला, अडकल्यामुळे टास्क मॅनेजरमधून मारला किंवा मध्येच वीज गेली, तर त्या बैठकीतले बदल फाइलपर्यंत पोहोचले असतील याची खात्री देता येत नाही. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात भारनियमन ठरलेले असते आणि संगणकाला यूपीएस नसतो, त्यांनी कळा बदलल्यावर सामना सुरू करण्याआधी गेम एकदा बंद करून पुन्हा उघडण्याची सवय लावून घ्यावी. कन्सोल वापरत असल्यास ‘होस्ट राइटकॉन्फिग’ ही आज्ञा, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून, दिल्यास गेम बंद न करताही सेटिंग्ज त्या क्षणी लिहिल्या जातात.

दुसरे कारण बहुतेकदा आपणच निर्माण केलेले असते. कोणीतरी सुचवलेले असते की फाइल ‘रीड-ओन्ली’ केली की कळा कधीच बदलणार नाहीत. ते खरेही असते, पण मग पुढे केलेला कोणताही बदल सेव्ह होत नाही, आणि सहा महिन्यांनी माउस बदलल्यावर नव्या कळा का टिकत नाहीत हे कोणालाच आठवत नाही. फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ मध्ये ती खूण काढून टाकावी. मला हा उपाय मुळातच पटत नाही, कारण तो खरे कारण झाकतो.

डिस्क पूर्ण भरलेली असणे हेही एक कारण आहे आणि ते तपासायला अर्धा मिनिट पुरतो.

कळा गेम सुरू होताना बदलत असतील तर

इथे सर्वांत आधी ऑटोएक्झेक फाइलकडे पाहावे. ही फाइल गेमच्या फोल्डरात ‘गेम’, त्यात ‘सीएसगो’, त्यात ‘सीएफजी’ अशा जागी ठेवली जाते. मुख्य फोल्डराचे नाव अजूनही जुन्या गेमचेच, म्हणजे ‘काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ असे आहे, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. स्टीममध्ये गेमच्या ‘लाँच ऑप्शन्स’ मध्ये अधिक चिन्ह, ‘एक्झेक’ आणि या फाइलचे नाव लिहिलेले असेल तर ती प्रत्येक वेळी चालते. तिच्यात ‘सी’ या कळेला दुसरी आज्ञा बांधणारी ओळ असेल, तर मेनूतून ‘सी’ कितीही वेळा बदलली तरी पुढच्या सुरुवातीला ती ओळ पुन्हा आपलेच खरे करणार. ज्यांनी कधीकाळी एखाद्या नामांकित खेळाडूची संपूर्ण कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जची फाइल, उतरवून घेतली आणि नंतर ती विसरून गेले, त्यांच्या बाबतीत हेच घडलेले असते. अशा फाइलच्या सुरुवातीला ‘अनबाइंडऑल’ ही आज्ञा असेल तर प्रकरण आणखी वाढते, कारण ती आधी सगळ्याच कळा मोकळ्या करते आणि पुढच्या ओळींत ज्यांचा उल्लेख आहे तेवढ्याच परत येतात.

या फाइलबाबत एक बारकावा फारसा सांगितला जात नाही. तिच्यातून बांधलेली कळ गेम बंद होताना यूझर कीजच्या फाइलमध्येही उतरते. त्यामुळे ऑटोएक्झेकमधली ओळ नुसती पुसून भागत नाही, कारण ती कळ तोवर दुसरीकडे नोंदली गेलेली असते. ओळ पुसावी, गेम सुरू करावा, मेनूतून ती कळ हवी तशी नेमावी आणि मग गेम रीतसर बंद करावा. याच्या उलट प्रकार ‘एलिअस’ चा आहे. एलिअस म्हणजे आपण अनेक आज्ञांना मिळून दिलेले एक नाव. ते कोणत्याही फाइलमध्ये आपोआप सेव्ह होत नाही. कळ त्या नावाला बांधलेली आहे एवढेच लक्षात ठेवले जाते. म्हणून ऑटोएक्झेक काही कारणाने चालली नाही की कळ मेनूत किंवा फाइलमध्ये जागच्या जागी दिसते, पण दाबल्यावर काहीच होत नाही.

ही फाइल त्या संगणकावरच्या सगळ्या स्टीम खात्यांना सामाईक असते, हेही ध्यानात ठेवावे. यूझर कीज ज्याच्या त्याच्या खात्याच्या, पण ऑटोएक्झेक घराची. थोरल्या भावाने लिहिलेली फाइल धाकट्या बहिणीच्या खात्यावरही चालली, तर तिच्या कळा रोज बदललेल्या दिसतील आणि तिला दोष आपल्या सेटिंग्जमध्ये शोधावासा वाटेल. गेमिंग कॅफेत तर आधीच्या ग्राहकाची फाइल तशीच पडून असणे अगदी शक्य आहे. अशा ठिकाणी दोन जणांच्या आज्ञा वेगवेगळ्या नावांच्या फाइलमध्ये ठेवाव्यात आणि आपापल्या लाँच ऑप्शन्समध्ये आपापले नाव द्यावे.

ऑटोएक्झेक लिहिली आहे पण चालतच नाही, ही तक्रारही तितकीच मोठी आहे, आणि तिचे कारण बहुधा फाइलच्या नावात असते. नोटपॅडने सेव्ह करताना नावापुढे ‘टीएक्सटी’ जोडलेले असते आणि विंडोज मूळ मांडणीत एक्स्टेन्शन लपवत असल्याने डोळ्यांना ‘ऑटोएक्झेक डॉट सीएफजी’ एवढेच दिसते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू केले की खरे नाव उघड होते. दुसरे कारण अवतरणचिन्हांचे. आज्ञा एखाद्या संकेतस्थळावरून, वर्डमधून किंवा मित्राने पाठवलेल्या संदेशातून जशाच्या तशा चिकटवल्या, तर साध्या सरळ चिन्हांच्या जागी उघडणारी आणि मिटणारी अशी वळणदार चिन्हे येतात. माणसाला दोन्ही सारखीच वाटतात, गेमला मात्र वळणदार चिन्ह म्हणजे आज्ञेचाच भाग वाटतो आणि ओळ निकामी होते. कन्सोल उघडून ‘बाइंड’ ही कळ नेमण्याची आज्ञा आणि पुढे नुसती कळ लिहून एंटर दाबले, की ती कळ या घडीला कशाला बांधलेली आहे हे गेम स्वतः सांगतो. ओळ चालली की नाही हे यावरून तत्काळ समजते. कन्सोल उघडत नसेल तर तो सेटिंग्जमध्ये ‘गेम’ विभागात ‘डेव्हलपर कन्सोल’ या नावाने आधी सुरू करावा लागतो.

ऑटोएक्झेक निर्दोष ठरली, तर संशय क्लाउडवर जातो. एकच खाते दोन संगणकांवर वापरणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. घरी कळा बदलल्या, गेम बंद केला आणि त्याच क्षणी संगणकही बंद केला, तर फाइल वर चढण्याआधीच स्टीम बंद झालेली असते. मग वसतिगृहातल्या किंवा कॅफेतल्या संगणकावर जुन्या कळा दिसतात; तिथे खेळून गेम बंद केला की त्या जुन्या कळाच नव्या तारखेने वर जातात, आणि घरी परतल्यावर त्या खाली उतरतात. स्टीमला दोन्ही प्रतींत विरोध दिसला तर ती ‘लोकल’ आणि ‘क्लाउड’ यांपैकी कोणती ठेवायची असे विचारते. ही चौकट घाईने मिटवू नये. तिच्यात दोन्ही प्रतींच्या तारखा दिलेल्या असतात आणि कळा शेवटच्या कोणत्या यंत्रावर नीट होत्या हे आठवूनच निवड करावी. नुसत्या ताज्या तारखेवर विसंबणे धोक्याचे आहे.

बऱ्याच कॅफेंमध्ये संगणक पुन्हा सुरू केला की संपूर्ण डिस्क ठरावीक अवस्थेत परत आणणारी व्यवस्था असते. तिथे स्थानिक फाइल टिकण्याचा प्रश्नच येत नाही. खेळ संपल्यावर लायब्ररीत गेमच्या पानावर क्लाउडची स्थिती पाहावी आणि सिंक पूर्ण झाल्याचे दिसल्यावरच खुर्ची सोडावी.

कळ टिकलेली आहे, पण काम करत नाही

हा प्रकार सेव्ह होण्याचा नाहीच, तरी तो याच तक्रारीत मिसळला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने एक अद्यतन आणले, ज्यानंतर हालचालीच्या किंवा गोळीबाराच्या एकाहून अधिक क्रिया एकाच कळेवर बांधणारे बाइंड मूळ मांडणीत चालेनासे झाले. उडी मारतानाच ग्रेनेड फेकणारा बाइंड आणि डावी-उजवी हालचाल आपोआप सावरणारा ‘नल बाइंड’ हे दोन्ही यात आले. फाइलमध्ये ओळ सुखरूप असते, कन्सोलही ती दाखवतो, पण सामन्यात कळ मुकी राहते. अशा बाइंडची फाइल दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. उडी मारून ग्रेनेड फेकण्यासाठी तर वेगळ्या बाइंडची गरजही फारशी उरलेली नाही, कारण काउंटर-स्ट्राइक २ मध्ये दोन्ही कळा हाताने दाबूनही फेक पूर्वीपेक्षा बरीच सारखी पडते. कीबोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून हीच युक्ती साधण्याच्या फंदात पडू नये, कारण त्याच अद्यतनाने अशी स्वयंचलित हालचाल अधिकृत सर्व्हरवर ओळखून खेळाडूला सामन्याबाहेर काढण्याची सोय केली आहे.

माउसच्या बाजूच्या बटणांबाबत तक्रार असेल तर माउसचे सॉफ्टवेअर पाहावे. त्याने त्या बटणाला कीबोर्डची एखादी कळ दिलेली असेल, तर गेमपर्यंत माउसचे बटण पोहोचतच नाही. दुसऱ्या संगणकावर ते सॉफ्टवेअर नसेल तर तेच बटण वेगळ्या नावाने पोहोचते आणि कळ ‘गेल्यासारखी’ वाटते.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोजमध्ये इंग्रजीबरोबर मराठीचा कळफलक जोडलेला असेल तर डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्याने भाषा बदलू शकते. शिफ्ट ही मूळ मांडणीत सावकाश चालण्याची कळ असल्याने ती सतत दाबलेली असते, आणि ऑल्टवरही आपण काही नेमले असेल तर भर सामन्यात कळफलक मराठीवर जातो. मग कन्सोलमध्ये देवनागरी अक्षरे उमटू लागतात आणि एकही आज्ञा लागू पडत नाही. विंडोजच्या कळफलकाच्या प्रगत सेटिंग्जमध्ये हा शॉर्टकट बंद करता येतो. भाषा बदलण्यासाठी विंडोज आणि स्पेस ही जोडी शिल्लक राहतेच.

जुनी फाइल परत बसवायची असल्यास

सर्व काही मनासारखे लागले की यूझर कीजच्या फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःला ईमेल करून ठेवावी. ती परत बसवताना क्रम चुकला तर क्लाउडवरची प्रत तिला लगेच झाकून टाकते. म्हणून आधी स्टीममध्ये गेमच्या ‘प्रॉपर्टीज’ मधील ‘जनरल’ विभागात क्लाउडचा पर्याय बंद करावा. गेम पूर्ण बंद असल्याची खात्री करून जपून ठेवलेली फाइल ‘सीएफजी’ फोल्डरात त्याच नावाने ठेवावी. गेम उघडून कळा मेनूत तपासाव्यात, एखाद्या सराव सामन्यात दोन-तीन दाबून पाहाव्यात आणि गेम रीतसर बंद करावा. त्यानंतर क्लाउड पुन्हा सुरू करावे, आणि स्टीमने विचारले तर या वेळी ‘लोकल’ निवडावे.